'पर्यंत', 'पासून' आणि आपले आठ दिवस : इंग्रजी पत्रात वार, दिवस आणि मुदत कशी लिहायची?

पिंपळगाव_पॅकहाउस

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला आहे. त्याआधी ऑफिसातले इंग्रजी पत्रांचे नमुने एकदा नीट करून घ्यायचे आहेत. आयातदार, शिपिंगचा एजंट, बँक, लॅब, सगळ्यांना हेच नमुने तारखा बदलून जातात. वजन, पेट्यांची संख्या, मण्यांचं माप यांत चूक होत नाही. गोंधळ होतो तो दिवसांत आणि मुदतीत. नमुन्यांतली पाच वाक्यं देतो. नुसतं बरोबर वाक्य नको, कारणही सांगा, म्हणजे पुढचं वाक्य लिहिताना कामाला येईल.

'वुई विल लोड द कंटेनर टिल फ्रायडे.'
'द डॉक्युमेंट्स विल रीच यू विदिन एट डेज.'
'वुई आर सप्लायिंग टु धिस बायर सिन्स फाइव्ह इयर्स.'
'द सॅम्पल वॉज सेंट बिफोर टू डेज.'
'प्लीज गिव्ह टू वीक नोटिस फॉर एनी चेंज.'

व्याकरणवही

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांत महागात पडणारी चूक तीच आहे.

मराठीत 'पर्यंत' हा एकच शब्द दोन कामं करतो. 'दुकान शुक्रवारपर्यंत बंद आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत पैसे भर'. पहिल्यात बंद असणं सलग चालू आहे आणि शुक्रवारशी थांबतं. दुसऱ्यात पैसे भरणं एकदाच घडायचं आहे, शुक्रवार ही त्याची शेवटची हद्द. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द लागतात. सलग चालणाऱ्या गोष्टीला 'अंटिल' किंवा 'टिल', एकदा घडून संपणाऱ्या गोष्टीला 'बाय'.

ओळखायची खूण अशी. 'पर्यंत'च्या जागी 'त्या दिवशी किंवा त्याआधी कधीही' घालून वाक्य म्हणून पाहा. 'शुक्रवारी किंवा त्याआधी कधीही पैसे भर' हे जमतं, म्हणजे 'बाय'. 'दुकान शुक्रवारी किंवा त्याआधी कधीही बंद आहे' हे जमत नाही, म्हणजे 'अंटिल'. पाठवणे, भरणे, पोचणे, कळवणे, सही करणे ही बहुतेक वेळा 'बाय'वाली क्रियापदं. थांबणे, उघडे असणे, शीतगृहात ठेवणे, दर कायम राहणे ही 'अंटिल'वाली.

तुमचं 'टिल फ्रायडे' वाचून समोरच्याला वाटेल की भरणं शुक्रवारपर्यंत रोज चालूच राहणार आहे. तुम्हाला म्हणायचंय की शुक्रवारी कंटेनर भरून तयार असेल. तेव्हा 'वुई विल लोड द कंटेनर बाय फ्रायडे.'

नकार आला की फरक आणखी मोठा होतो. 'वुई विल नॉट लोड अंटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत हात लावणार नाही, शुक्रवारी भरू. 'वुई विल नॉट फिनिश लोडिंग बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उलटला तरी काम आटोपलेलं नसेल. एका शब्दाने गाडी बोलवायचा दिवस बदलतो.

आणि एक खास मराठी सापळा. आपण म्हणतो, 'जोपर्यंत पैसे येत नाहीत तोपर्यंत कागद सोडणार नाही.' मराठीत दोन्हीकडे 'नाही' आहे. ते तसंच उतरवलं की 'अंटिल वुई डोन्ट रिसीव्ह द पेमेंट' असं होतं आणि अर्थ उलटा पडतो. 'अंटिल'च्या पोटात तो नकार आधीच बसलेला आहे. 'वुई विल नॉट रिलीज द डॉक्युमेंट्स अंटिल वुई रिसीव्ह द पेमेंट.' तिथे 'विल रिसीव्ह'सुद्धा नको. 'अंटिल', 'व्हेन', 'आफ्टर', 'बिफोर' यांच्यामागे पुढची गोष्ट सांगायची असली तरी क्रियापद साध्या वर्तमानकाळात राहतं.

गंगापूर_रोड

'टिल' हे 'अंटिल'चं छोटं रूप ना? मग औपचारिक पत्रात 'अंटिल'च लिहावं असं वाटतं.

व्याकरणवही

छोटं रूप नाही. उलट 'टिल' हा दोघांतला जुना शब्द आहे. अर्थ एकच. पत्रात 'अंटिल' जरा भारदस्त दिसतं एवढंच. स्पेलिंग मात्र सांभाळा, 'टिल'ला शेवटी दोन एल, 'अंटिल'ला एकच.

एलसी_डेस्क

वरचं सगळं बरोबर. त्यापुढचा प्रश्न असा, की शुक्रवार धरायचा की सोडायचा? 'क्लोज्ड अंटिल फ्रायडे' वाचून शुक्रवारी दुकान उघडं असेल का, यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतसुद्धा एकमत होत नाही. म्हणून जिथे पैसे अडकलेत तिथे 'अप टु अँड इन्क्लुडिंग फ्रायडे' असं लिहून मोकळं व्हावं. अमेरिकन माणूस 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणतो तेव्हा शुक्रवार धरलेला असतो.

लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी) माल जात असेल तर हा अंदाजाचा भाग उरत नाही, नियमच ठरलेला आहे. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांच्या कलम ३ मधल्या या गोष्टी ऑफिसात भिंतीवर लावून ठेवण्यासारख्या आहेत.

माल चढवण्याची मुदत सांगताना 'टु', 'अंटिल', 'टिल', 'फ्रॉम', 'बिटवीन' हे शब्द आले तर दिलेली तारीख धरायची. 'बिफोर' आणि 'आफ्टर' आले तर ती तारीख सोडायची. म्हणजे 'शिपमेंट बिफोर १५ मार्च' असेल तर १४ मार्च हा शेवटचा दिवस. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर, १५ पडली की बँक त्रुटी काढणार. पण तोच 'फ्रॉम' हुंडीची देय तारीख मोजताना आला की दिलेली तारीख सोडायची. 'सिक्स्टी डेज फ्रॉम बिल ऑफ लेडिंग डेट' यात चढवल्याचा दिवस शून्य, मोजणी दुसऱ्या दिवसापासून.

'ऑन ऑर अबाउट १५ मार्च' म्हणजे आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. म्हणजे १० ते २० मार्च, असे ११ दिवस. 'बिगिनिंग ऑफ मार्च' म्हणजे १ ते १०, 'मिडल' म्हणजे ११ ते २०, 'एंड' म्हणजे २१ ते महिनाअखेर. 'फर्स्ट हाफ' १ ते १५. आणि 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली', 'अॅज सून अॅज पॉसिबल' हे शब्द बँक विचारातच घेत नाही. एलसीत ते लिहून काहीही हाती लागत नाही.

एक लक्षात ठेवा, ही मोजणी एलसीपुरती. साध्या ईमेलमधल्या 'मिड मार्च'ला असा कुठलाही नियम बांधील नाही.

इंदिरानगर_शिकवणी

दुसरं वाक्य, 'विदिन एट डेज'.

मराठी माणसाचा 'आठवडा' सात दिवसांचा असतो, पण तो म्हणतो 'आठ दिवसांनी ये'. सोमवारी सांगितलं तर तो येतो पुढच्या सोमवारीच. आजचा सोमवार एक आणि पुढचा सोमवार आठ, अशी दोन्ही टोकं धरून केलेली ही मोजणी. 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, तेही याच हिशोबाने. यात चूक काहीच नाही. फ्रेंचमध्येसुद्धा आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणायची रीत आहे. इंग्रजी मात्र मधल्या रात्री मोजते. 'फोर्टनाइट' हा शब्दच मुळात चौदा रात्री असा आहे.

त्यामुळे 'एट डेज' लिहिलं की वाचणारा खरोखर आठ दिवस मोजतो. सोमवारी पाठवलेल्या पत्रात तुमच्या मनात पुढचा सोमवार, त्याच्या हिशोबात मंगळवार. 'फिफ्टीन डेज'चंही तसंच. मराठीतून उतरवताना अशी जोडी ठेवा : आठ दिवसांनी म्हणजे 'इन अ वीक', पंधरा दिवसांनी म्हणजे 'इन टू वीक्स'. ब्रिटिश आणि भारतीय वाचक असेल तर 'इन अ फोर्टनाइट' चालतं, अमेरिकनाला तो शब्द सहसा परका असतो.

'आड'चा हिशोबही पाहून घ्या. 'एक दिवसाआड पाणी' हे 'वॉटर एव्हरी अदर डे' किंवा 'ऑन ऑल्टरनेट डेज'. 'दोन दिवसाआड' हे 'एव्हरी थर्ड डे', कारण मध्ये दोन कोरडे दिवस जाऊन तिसऱ्या दिवशी पाणी येतं. ते 'एव्हरी टू डेज' लिहिलं तर अर्थ एक दिवसाआड होतो. ठिबकच्या वेळापत्रकात आणि फवारणीच्या नोंदीत ही चूक बागेला थेट लागते. 'द अदर डे' हा मात्र वेगळाच प्रयोग आहे, त्याचा अर्थ 'परवाच कधीतरी'. नक्की दिवस सांगायचा असेल तिथे तो वापरू नये.

'बायवीकली' आणि 'बायमंथली' हे शब्द तर टाळलेलेच बरे. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, दोन्ही अर्थ शब्दकोशात दिलेले आहेत. 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' असं उघड लिहावं. पगाराच्या बाबतीत तर आकड्यातच फरक पडतो. दर दोन आठवड्यांनी दिला तर वर्षात साधारण २६ पगार, महिन्यातून दोनदा दिला तर २४.

याच ओघात सिंहस्थाचं उदाहरण. '२०१५ नंतर २०२७' हे इंग्रजीत 'एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स' किंवा 'वन्स एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स'. 'आफ्टर एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स' हे 'दर बारा वर्षांनी'चं शब्दशः रूप आहे, तिथला 'आफ्टर' काढून टाका.

पिंपळगाव_पॅकहाउस

आभार. 'विदिन' आणि 'इन' यांत फरक आहे का? नमुन्यांत दोन्ही सरसकट वापरलेत.

व्याकरणवही

आहे, आणि मराठीत तो स्पष्टच आहे. 'दोन आठवड्यांनी' म्हणजे 'इन टू वीक्स', 'दोन आठवड्यांच्या आत' म्हणजे 'विदिन टू वीक्स'. पहिल्यात दोन आठवडे संपल्यावरचा दिवस, दुसऱ्यात त्याआधीचा कुठलाही. आश्वासन द्यायचं असेल तर 'विदिन', अंदाज सांगायचा असेल तर 'इन'. 'इन'चा घोळ इतकाच, की 'वुई कॅन पॅक इट इन थ्री डेज' याचे दोन अर्थ निघतात : पॅक करायला तीन दिवस लागतील, किंवा तीन दिवसांनी पॅक करू शकू. दुसरा अर्थ हवा असेल तर 'इन थ्री डेज टाइम' लिहा, 'डेज'च्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन. पहिला हवा असेल तर 'पॅकिंग टेक्स थ्री डेज'.

'आफ्टर टू वीक्स' हे घडून गेलेल्या गोष्टीला शोभतं. 'आफ्टर टू वीक्स द बायर रिप्लाइड.' आजपासून पुढे मोजायचं असेल तर 'इन'च.

तिसरं आणि चौथं वाक्य एकत्र घेतो. 'पाच वर्षांपासून' आणि '२०२१ पासून', दोन्हीकडे आपला 'पासून' एकच. इंग्रजीत '२०२१' हा काळाच्या रेघेवरचा ठिपका, त्याला 'सिन्स'. 'पाच वर्षं' हा त्या रेघेचा तुकडा, त्याला 'फॉर'. जे कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतं ते 'सिन्स'. जे मोजून काढावं लागतं ते 'फॉर'. 'सिन्स लाँग' हाही याच कारणाने चूक, तिथे 'फॉर अ लाँग टाइम'.

क्रियापदाचं कारण निराळं आहे. मराठीत 'पाच वर्षांपासून पुरवतोय' असं साध्या चालू वर्तमानात म्हणतात. इंग्रजीत भूतकाळात सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला 'हॅव' लागतं. 'वुई हॅव बीन सप्लायिंग धिस बायर फॉर फाइव्ह इयर्स.' इथे 'सप्लाय'च्या पुढे 'टु' घालू नका, गिऱ्हाइकाचं नाव थेट येतं.

'दोन दिवसांपूर्वी'साठी 'टू डेज अगो'. 'अगो' नेहमी आजपासून मागे मोजतं, संख्येच्या नंतर बसतं आणि क्रियापद साध्या भूतकाळात घेतं. 'द सॅम्पल वॉज सेंट टू डेज अगो.' 'हॅज बीन सेंट टू डेज अगो' हे जोडीला बसत नाही. 'टू डेज बिफोर' तेव्हाच, जेव्हा दुसऱ्या एखाद्या दिवसापासून मागे मोजता. 'द सॅम्पल वॉज सेंट टू डेज बिफोर द हार्वेस्ट.'

अंबड_स्टोअर्स

'टू डेज बॅक' आपल्याकडे सगळेच लिहितात. ते चूक म्हणायचं का? भारतीय इंग्रजी म्हणून ते मान्य व्हायला हवं. 'प्रीपोन'सुद्धा आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे.

व्याकरणवही

चूक म्हणणार नाही. नाशकातल्या नाशकात, अंबडहून सातपूरला जाणाऱ्या ईमेलमध्ये 'टू डेज बॅक', 'प्रीपोन', 'लास्ट टु लास्ट वीक' सगळं नीट समजतं, आणि भाषेचं काम तेच आहे. पण रॉटरडॅमचा माणूस 'प्रीपोन'वर अडखळेल. तिथे 'द लोडिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड फ्रॉम थर्सडे टु ट्यूसडे' असं दोन्ही वार देऊन लिहा. 'मूव्ह्ड फॉरवर्ड' नको, त्याने काहींना आधी आणल्यासारखं वाटतं, काहींना पुढे ढकलल्यासारखं. 'लास्ट टु लास्ट वीक'ला 'द वीक बिफोर लास्ट', 'नेक्स्ट टु नेक्स्ट'ला 'द वीक आफ्टर नेक्स्ट'.

छाटणी_ते_काढणी

बागेच्या नोंदी इंग्रजीत ठेवणाऱ्यांसाठी एक मुद्दा. निर्यातीच्या प्लॉटची वही आता बऱ्याच जणांना इंग्रजीत ठेवावी लागते आणि आपली सगळी मोजणी गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरातल्या छाटणीपासून चालते.

'३५ व्या दिवशी फवारणी' आणि '३५ दिवस फवारणी' यांत आपण मराठीत कधीच गोंधळत नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र दोन्हीकडे 'थर्टी फाइव्ह डेज' पडतं. पहिल्यासाठी 'ऑन द थर्टी-फिफ्थ डे आफ्टर प्रूनिंग' किंवा 'थर्टी-फाइव्ह डेज आफ्टर प्रूनिंग'. दुसऱ्यासाठी 'फॉर थर्टी-फाइव्ह डेज'. छाटणीचा दिवस शून्य धरायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर 'डे झिरो इज द डे ऑफ प्रूनिंग' असं लिहून ठेवावं. काही जण तोच दिवस पहिला धरतात आणि दोन प्लॉटच्या नोंदी एका दिवसाने सरकतात. १५ ऑक्टोबरला छाटणी झाली आणि तो दिवस शून्य, तर ३५ वा दिवस १९ नोव्हेंबर. तोच दिवस पहिला धरला तर १८.

काढणीपूर्व अंतराच्या बाबतीत जास्त जपून. औषधाच्या लेबलवर दिवसांचा आकडा असतो तो शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामधल्या किमान अंतराचा. नोंद करताना 'अॅट लीस्ट' हवंच. 'हार्वेस्टेड ऑन २० फेब्रुवारी, ४२ डेज आफ्टर द लास्ट स्प्रे' असं तारीख आणि दिवस दोन्ही लिहिलं की तपासणाऱ्याला उलटा हिशोब करता येतो. हेच उदाहरण मोजून पाहा : शेवटची फवारणी ९ जानेवारीला पडते.

अंबड_स्टोअर्स

पाचवं वाक्य माझ्याकडे लागलं, कारण पुरवठ्याच्या करारात हेच रोज येतं.

'दोन आठवड्यांची नोटीस' यातला 'ची' इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीने दाखवतात. एक आठवडा असेल तर 'वीक' लिहून अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. दोन असतील तर आधी अनेकवचनाचा एस, मग अपॉस्ट्रॉफी. उच्चार एकच, खूण फक्त कागदावर दिसते. 'टेन इयर्स एक्स्पीरियन्स', 'थ्री डेज लीव्ह' यांतही तसंच. 'ऑफ' घातलं की खूण जाते : 'टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स'.

दुसरी पद्धत म्हणजे संख्या आणि एकक जोडून विशेषण करायचं. तेव्हा मध्ये जोडरेघ येते आणि एकक एकवचनी राहतं. 'अ टू-वीक नोटिस पिरियड', 'अ फोर्टी-फाइव्ह-डे क्रेडिट'. 'फोर्टी-फाइव्ह डेज क्रेडिट' अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहिलं की ते दोन्हींपैकी कुठल्याच पद्धतीत बसत नाही. तुमच्या वाक्यात नेमकं हेच झालंय.

क्रियापदाचं वचन : 'फोर्टी-फाइव्ह डेज इज द लिमिट', कारण इथे पंचेचाळीस दिवस मिळून एक रक्कम झाली. 'फोर्टी-फाइव्ह डेज हॅव पास्ड', कारण इथे ते एकेक करून उलटले. 'दीड दिवस' आपल्याला एकवचनी वाटतो, इंग्रजीत मात्र एकाच्या वर गेलं की अनेकवचन, 'वन अँड अ हाफ डेज'. मधला 'अ' विसरू नका. 'अ डे अँड अ हाफ' हेही सुटसुटीत.

आता मोजणी. एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा) च्या कलम १५ प्रमाणे लघुउद्योगाला पैसे द्यायची लेखी ठरवलेली मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लक्षात घ्या, बिलाच्या तारखेपासून नाही. करारात 'फ्रॉम द डेट ऑफ इन्व्हॉइस' की 'फ्रॉम द डे ऑफ अॅक्सेप्टन्स' हे तीन-चार शब्द पैशाची तारीख हलवतात. केंद्रीय कायद्यांत 'फ्रॉम' आला की पहिला दिवस सोडायचा आणि 'टु' आला की शेवटचा धरायचा, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम ९ मध्ये आहे. १ मार्चपासून १५ दिवस म्हणजे शेवटचा दिवस १६ मार्च.

'क्लिअर डेज' दिसलं तर आणखी वेगळं. तिथे दोन्ही टोकं सोडायची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०१ मध्ये सर्वसाधारण सभेला 'क्लिअर ट्वेंटी-वन डेज'ची नोटीस सांगितली आहे. नोटीस १ मार्चला पोचली असं धरलं तर २ ते २२ हे एकवीस दिवस पूर्ण जायला हवेत आणि सभा लवकरात लवकर २३ ला.

'मंथ' आणि 'थर्टी डेज' हेही एकाच अर्थाने वापरू नका. फेब्रुवारीत ते जुळत नाहीत.

लासलगाव_मंडी

'वर्किंग डेज'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आखातात कांदा पाठवणाऱ्यांनी 'फाइव्ह वर्किंग डेज' लिहिताना कोणाचे वर्किंग डेज ते लिहावं. सौदीत शुक्रवार-शनिवार सुटी असते. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कार्यालयांना १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. आपल्याकडे शनिवारी बाजार समितीत लिलाव चालू, बँक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. 'बँकिंग डेज इन इंडिया' किंवा सरळ 'कॅलेंडर डेज' लिहिलं की वाद उरत नाही.

गंगापूर_रोड

'इन', 'ऑन', 'अॅट' कुणीतरी थोडक्यात लिहा. 'ऑन नेक्स्ट मंडे' बरोबर का?

इंदिरानगर_शिकवणी

'अॅट' घड्याळाच्या वेळेला, 'ऑन' वाराला आणि तारखेला, 'इन' महिना, वर्ष, ऋतू अशा मोठ्या भांड्याला. सकाळ-दुपारला एरवी 'इन', पण वार जोडला की वारच जिंकतो : 'इन द मॉर्निंग', पण 'ऑन मंडे मॉर्निंग'. रात्रीला 'अॅट नाइट'. 'धिस', 'नेक्स्ट', 'लास्ट', 'एव्हरी' आले की पुढे काहीच लावायचं नाही, म्हणून 'ऑन नेक्स्ट मंडे'मधला 'ऑन' जादा आहे. 'टुडे मॉर्निंग'ला 'धिस मॉर्निंग', 'टुडे नाइट'ला 'टुनाइट', 'येस्टरडे नाइट'ला 'लास्ट नाइट'. 'येस्टरडे मॉर्निंग' आणि 'टुमॉरो मॉर्निंग' मात्र ठीक आहेत.

दुकानाच्या पाटीवर दर सोमवारी बंद असं सांगायचं तर 'क्लोज्ड ऑन मंडेज', अनेकवचनी. एकाच सोमवारी बंद असेल तर तारीख घाला. आणि 'बिटवीन १० टु ५' नव्हे. 'बिटवीन'ला जोडी 'अँड'ची, 'फ्रॉम'ला 'टु'ची.

'नेक्स्ट मंडे'चा खरा त्रास अर्थाचा आहे. 'येत्या सोमवारी' आणि 'पुढच्या सोमवारी' हे आपण तरी वेगळे म्हणतो. इंग्रजीत 'नेक्स्ट' वर दोन्ही अर्थ लादले जातात. 'परवा'चंही तेच, फक्त तिथे गोंधळ आपल्या बाजूने : मागचा की पुढचा हे आपल्याला क्रियापद सांगतं, इंग्रजीत शब्दच वेगळे, 'द डे बिफोर येस्टरडे' आणि 'द डे आफ्टर टुमॉरो'.

एलसी_डेस्क

युरोपशी व्यवहार करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी, मग थांबतो.

एक, तारीख नुसत्या आकड्यांत लिहू नका. ०५/०३ हा आपल्याला आणि ब्रिटिशांना ५ मार्च, अमेरिकनाला ३ मे. महिना अक्षरांत लिहा. संगणकाच्या फायलीत आकडेच हवे असतील तर आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

दोन, आठवड्याचा क्रमांक. युरोपातला आयातदार 'वीक ९' म्हणून ऑर्डर देतो. त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला. २०२७ मध्ये १ जानेवारीला शुक्रवार आहे, म्हणून पहिला आठवडा ४ जानेवारीला सुरू होतो आणि नववा आठवडा १ ते ७ मार्च. एक्सेलमधलं साधं 'वीकनम' वापरलं तर ते १ जानेवारीचाच आठवडा पहिला धरतं आणि रविवारी सुरुवात करतं. त्याचा नववा आठवडा २१ ते २७ फेब्रुवारी. म्हणजे फळ आठवडाभर आधी निघेल. 'आयएसओवीकनम' वापरा आणि पत्रात क्रमांकाशेजारी सोमवारची तारीख लिहा.

तीन, घड्याळ. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ते आपल्या हंगामाच्या मध्येच येतं. २०२७ मध्ये तो रविवार २८ मार्च. तोवर नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यानंतर साडेतीन तास. आपल्या संध्याकाळी ६ चा फोन तिथे आधी दुपारी दीडला, मग अडीचला. प्रत्येक वेळेपुढे कुठली वेळ ते लिहा. फोनवर 'हाफ सिक्स' ऐकलं तर पुन्हा विचारा. ब्रिटिश माणसाचा तो साडेसहा, डच माणसाच्या भाषेत 'अर्धे सहा' म्हणजे साडेपाच. आणि '१२ पीएम' ऐवजी '१२ नून' लिहा.

पिंपळगाव_पॅकहाउस

सगळ्यांचे मनापासून आभार. ही चर्चा ऑफिसात छापून लावतो. सुधारलेला नमुना असा केलाय, पाहून सांगा :

'वुई हॅव बीन सप्लायिंग यू फॉर फाइव्ह इयर्स. द सॅम्पल वॉज सेंट टू डेज अगो. वुई विल लोड द कंटेनर बाय फ्रायडे, ५ मार्च २०२७, वीक ९. द डॉक्युमेंट्स विल रीच यू विदिन अ वीक. प्लीज गिव्ह अस टू वीक्स नोटिस ऑफ एनी चेंज.' 'वीक्स'च्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी दिली आहे.

व्याकरणवही

भाषा आता बिनचूक आहे. दोनच बदल सुचवतो. 'टू डेज अगो' हे पत्र कोणत्या दिवशी वाचलं जाईल त्यावर हलतं, तिथे 'ऑन १ मार्च' लिहा. 'विदिन अ वीक' हे पत्राच्या तारखेपासून की कंटेनर भरल्यापासून, ते कळत नाही. 'विदिन सेव्हन कॅलेंडर डेज आफ्टर लोडिंग' असं करा, आणि वर कुठेतरी पत्राची तारीख महिना अक्षरांत घालून टाका.

एलसी_डेस्क

सहमत. आणि हे पत्र एलसीखालच्या मालासाठी जाणार असेल तर त्यातली ५ मार्च एलसीतल्या 'लेटेस्ट डेट ऑफ शिपमेंट'शी ताडून पाहा. पॅकहाउसला कंटेनर भरला तो दिवस वेगळा आणि न्हावाशेवाला बोटीवर चढला तो वेगळा. बँक यांतला दुसरा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवरचा दिवस बघते.